लॅपटॉप सुरू होताना डीव्हीडी ड्राइव्ह सापडत नाही? नवा ड्राइव्ह घेण्याआधी या क्रमाने तपासा

माझं दुरुस्तीचं दुकान तालुक्याच्या कोर्टाजवळ आहे. सीडी-डीव्हीडीचा जमाना संपला असं सगळे म्हणत असले तरी माझ्याकडे महिन्याला दोन-चार लॅपटॉप याच एका तक्रारीने येतात. वकिलांकडे पुराव्याच्या सीडी असतात, दवाखान्यांतून एमआरआय आणि सीटी स्कॅनच्या सीडी मिळतात, फोटोग्राफरकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या लग्नांच्या डीव्हीडी पडून असतात. या लोकांचं काम ड्राइव्हवाचून अडतं, आणि त्यातले बरेच जण दुकानात पाऊल टाकतानाच म्हणतात, "ड्राइव्ह गेलाय, नवा टाका." ड्राइव्ह खरोखर गेलेला असतो असे लॅपटॉप माझ्या हातून थोडेच गेलेत. उरलेल्यांत कुठे संपर्क सैल होता, कुठे बायोसमधलं, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधलं, एखादं सेटिंग पुसलं गेलं होतं, कुठे विंडोजमध्ये जुन्या सॉफ्टवेअरचा कचरा अडकला होता. म्हणून मी कोणता क्रम धरतो तो इथे सविस्तर लिहितो.

लक्षणं

- पॉवर बटण दाबल्यावर कंपनीचा लोगो येतो आणि लॅपटॉप तिथेच थांबून राहतो, अर्धा मिनिट, कधी दोन मिनिटं. ड्राइव्हमधून घर्र किंवा टक-टक असा आवाज येतो. मग विंडोज नेहमीसारखं सुरू होतं.
- काळ्या पडद्यावर ऑप्टिकल ड्राइव्ह सापडला नाही अशा अर्थाची ओळ येते, आणि पुढे जायला एफ१, सेटअपसाठी एफ२ दाबा असं सांगितलं जातं. एफ१ दाबलं की काम सुरू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.
- बूट मेनूत, म्हणजे लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते विचारणाऱ्या यादीत, ड्राइव्हचं नावच नसतं, त्यामुळे विंडोजची किंवा अँटिव्हायरसची बूट होणारी डिस्क घालून उपयोग होत नाही.
- लॅपटॉप सुरू होतो, पण 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्हचं चिन्ह नाही. किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली जोडलेल्या उपकरणांची यादी) ड्राइव्हवर पिवळा त्रिकोण आणि कोड १९, ३९ किंवा ४१.
- आज दिसतो, उद्या नाही. लॅपटॉप उचलला किंवा एका बाजूने दाबला की गायब होतो.

एक लक्षण या यादीत मुद्दाम घातलेलं नाही, कारण तो आजार वेगळा आहे. पडद्यावर 'नो बूटेबल डिव्हाइस, इन्सर्ट बूट डिस्क' असं येतं किंवा 'पीएक्सई' ने सुरू होणाऱ्या ओळी येतात, आणि विंडोज सुरूच होत नाही. 'डिस्क घाला' असं वाचून लोकांना वाटतं की तक्रार डीव्हीडी ड्राइव्हची आहे. तसं नसतं. लॅपटॉपला तुमची हार्ड डिस्क किंवा एसएसडी सापडलेली नसते. आधी मुख्य डिस्क, मग डीव्हीडी, मग नेटवर्क असं करत तो शेवटच्या दारापर्यंत पोहोचलेला असतो. अशा वेळी लॅपटॉप पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. त्या डिस्कवर तुमचा डेटा आहे आणि ती मरणपंथाला लागलेली असू शकते. खालचं काहीही न करता जाणकाराकडे जा आणि आधी डेटा काढून घ्या.

ओळखणं वेगळं, वाचणं वेगळं

हा फरक कळला की पुढचे निम्मे कष्ट वाचतात. लॅपटॉप सुरू होताना ड्राइव्हला विचारतो, "तू कोण?" ड्राइव्ह आपलं नाव आणि मॉडेल सांगतो. हे उत्तर ड्राइव्हच्या आतल्या सर्किट बोर्डावरून येतं. त्यासाठी डिस्क आत असावी लागत नाही, लेन्स स्वच्छ असावी लागत नाही, लेसर धड असावा लागत नाही. लेसर पूर्ण मेलेला ड्राइव्हसुद्धा बायोसमध्ये नावानिशी दिसतो.

म्हणून ड्राइव्ह दिसतच नसेल तर लेन्स पुसून किंवा क्लीनिंग डिस्क फिरवून काही हाती लागत नाही. उलट, ड्राइव्ह दिसतोय, सीडी वाचतोय पण डीव्हीडी वाचत नाही, असं असेल तर ती लेसरची गोष्ट आहे. सीडीला ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लेसर लागतो, आणि त्यातला एक आधी थकू शकतो. तो इथला विषय नाही.

१. आत काही असेल तर बाहेर काढा

फुकट आणि अर्ध्या मिनिटाचं काम. ट्रे उघडा, डिस्क काढा, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची हार्ड डिस्क, सगळं काढा आणि लॅपटॉप सुरू करा.

बूट क्रमात डीव्हीडी आधी असेल तर लॅपटॉप आत असलेल्या डिस्कवरून सुरू होता येतं का ते बघतो. डिस्क ओरखडलेली असेल तर ड्राइव्ह तोच भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत राहतो, आणि तोवर 'मी कामात आहे' एवढंच सांगतो. बायोस वाट बघतो. लोगोवर अडकण्याचं सगळ्यात साधं कारण हे आहे. एका फोटोग्राफरच्या लॅपटॉपमध्ये महिनाभर एक कोरी डीव्हीडी राहिली होती. तिच्या आतल्या गोलावर केसाएवढी भेग होती, बोटाच्या नखाला लागत होती तेवढीच. डिस्क काढली आणि लॅपटॉप झटक्यात सुरू झाला. अशी भेगाळलेली डिस्क पुन्हा घालू नका, वेगाने फिरताना ती आत फुटू शकते.

ट्रे उघडतच नसेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करून ट्रेच्या तोंडावरच्या बारीक भोकात सरळ केलेली कागदाची क्लिप अलगद घाला. आत थोडा विरोध जाणवेल, मग ट्रे दोन-चार मिलिमीटर बाहेर येईल. तिथून हाताने सरळ रेषेत ओढा.

२. लॅपटॉप खरोखर बंद करा

विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. ते चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच उचलून पुढे चालवला जातो. काल गोंधळलेला ड्राइव्ह आजही गोंधळलेलाच राहतो. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, किंवा 'रीस्टार्ट' करा. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने ओळखलं जातं.

तरी फरक पडला नाही तर चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. मग पॉवर बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा. आत कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाते आणि ड्राइव्हचा बोर्ड कोऱ्या पाटीने सुरू होतो. झोपेतून उठल्यावर ड्राइव्ह गायब होण्याची तक्रार याने अनेकदा मिटते. बॅटरी आतच बसवलेली असेल तर तिला हात लावू नका, चार्जर काढून बटण दाबणं पुरेसं आहे.

३. बायोसमध्ये बघा, इथे वाट दुभंगते

सगळ्या तपासणीत ही सगळ्यात महत्त्वाची आहे आणि घरी करताना नेमकी हीच राहून जाते. लॅपटॉप सुरू करताच सेटअपची कळ टिचकावत राहा. डेल, एसर, आसुसवर बहुधा एफ२, एचपीवर एफ१०, लेनोव्होवर मॉडेलप्रमाणे एफ१ किंवा एफ२. आत 'मेन', 'सिस्टम इन्फर्मेशन' किंवा 'स्टोरेज' अशा पानावर डिस्कची यादी असते. तिथे डीव्हीडी ड्राइव्हचं मॉडेल लिहिलेलं आहे का ते बघा आणि पडद्याचा फोटो काढून ठेवा.

बायोस विंडोजच्या आधी जागा होतो. तिथे ड्राइव्ह दिसत असेल तर ड्राइव्ह, त्याची वीज, त्याची वायर, सगळं जागेवर आहे. दोष विंडोजमध्ये किंवा बूटच्या सेटिंगमध्ये आहे, आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायची गरज नाही. बायोसमध्ये नसेल तर विंडोजमध्ये कितीही ड्रायव्हर टाका, काही होणार नाही. लोक दिवसच्या दिवस 'ड्रायव्हर अपडेट' करणारी सॉफ्टवेअरं चालवत बसतात. डीव्हीडी ड्राइव्हला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये पहिल्यापासून असतो, बाहेरून उतरवायचं काहीच नसतं.

आणखी एक खूण याच पडद्यावर बघून घ्या. बायोसमध्ये असतानाच ड्राइव्हचं बटण दाबा. दिवा लुकलुकला आणि ट्रे उघडला, पण यादीत नाव नाही, तर वीज पोहोचतेय आणि डेटाचा संपर्क तुटलाय. ट्रेही हलला नाही तर वीजच पोहोचत नाही. ही चाचणी विंडोजमध्ये करू नका. काही लॅपटॉपमध्ये विंडोज रिकाम्या ड्राइव्हची वीज मुद्दाम तोडून ठेवतं, त्यामुळे फसगत होते.

बायोसमधली सेटिंग

तिथे आलाच आहात तर दोन-तीन गोष्टी बघा. काही लॅपटॉपमध्ये साटा पोर्ट, म्हणजे डिस्क आणि ड्राइव्ह जोडायच्या जागा, एकेक करून चालू-बंद करता येतात. डीव्हीडीचा पोर्ट बंद असेल तर चालू करा. ड्राइव्ह यादीत दिसतो पण बूट मेनूत येत नाही, असं असेल तर बूट मोड बघा. जुन्या पद्धतीच्या बूटसाठी बनवलेली डिस्क यूईएफआय या नव्या पद्धतीच्या मोडमध्ये दिसत नाही. तो ड्राइव्हचा दोष नसून डिस्कचा आणि मोडचा जमत नसलेला मेळ आहे.

एका सेटिंगला मात्र हात लावू नका. साटा मोड, म्हणजे एएचसीआय, आयडीई किंवा रेड यातलं जे काही असेल ते, आहे तसंच राहू द्या. बदललंत तर विंडोज निळ्या पडद्यावर पडतं. 'लोड डिफॉल्ट्स' दाबल्यानेही हे मोड बदलू शकतं, म्हणून आधी प्रत्येक पानाचा फोटो घ्या. आणि लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं सॉफ्टवेअर) चालू असेल तर बायोसमध्ये बदल केल्यावर पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. अनेकांना बिटलॉकर चालू आहे हेच माहीत नसतं. ती की हाताशी आहे याची खात्री झाल्याशिवाय काही बदलू नका.

४. तारीख चुकतेय का?

तक्रार जर 'मी नीट करतो आणि आठवड्याने पुन्हा येते' अशी असेल तर बायोसमधली तारीख बघा. निवृत्त झालेले एक काका तीन वेळा आले. दर वेळी मी बायोसमध्ये डीव्हीडीचा पोर्ट बंद करून देत होतो, कारण त्यांचा ड्राइव्ह आधीच काढलेला होता आणि लॅपटॉप रोज तो शोधत बसायचा. दर वेळी आठ-दहा दिवसांत 'सापडला नाही' ही ओळ परत. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "आणि हल्ली बँकेची साइट पण उघडत नाही, सुरक्षित नाही म्हणते." तारीख बघितली तर पडद्यावर २०१२ साल होतं.

मदरबोर्डावर एक नाण्यासारखा सेल असतो, बहुधा सीआर२०३२, तीन व्होल्टचा. चार्जर आणि बॅटरी दोन्ही नसताना बायोसची सेटिंग आणि घड्याळ त्याच्यावर जगतं. तो उतरला की लॅपटॉप कारखान्यातून निघाला तेव्हाच्या सेटिंगवर परत जातो. बंद केलेला पोर्ट उघडतो, बूट क्रमात डीव्हीडी वर येते, तारीख मागे जाते. आणि तारीख मागे गेली की ब्राउझरला सगळ्या साइटची प्रमाणपत्रं खोटी वाटतात. मी काकांचा सेल मल्टिमीटरवर मोजला, २.३ व्होल्ट. बदलला आणि त्यानंतर ते या तक्रारीसाठी आले नाहीत.

नुसता सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो. पण लॅपटॉपमध्ये तो अनेकदा काळ्या वेष्टनात, दोन तारांच्या छोट्या कनेक्टरसह असतो. तसा असेल तर तसाच घ्यावा लागतो. तो तळाच्या छोट्या झाकणाखाली असेल तर घरी बदलता येईल. कीबोर्डखाली असेल तर दुकानात द्या.

५. बायोसमध्ये दिसतो, विंडोजमध्ये नाही

डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्ह्ज'खाली ड्राइव्हवर उजवी टिचकी मारून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. विंडोज ड्राइव्ह नव्याने ओळखतं. ड्राइव्ह तिथे धड दिसतोय पण 'धिस पीसी'त नाही, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला अक्षर दिलेलं आहे का ते बघा. कधी पेन ड्राइव्हने किंवा नेटवर्क ड्राइव्हने ते अक्षर पटकावलेलं असतं.

कोड १९, ३९ किंवा ४१ जात नसेल तर गुन्हेगार बहुधा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, असतो. सीडी लिहिणारी सॉफ्टवेअरं आणि काही म्युझिक प्लेअर ड्राइव्ह आणि विंडोज यांच्या मध्ये आपला एक गाळणीसारखा थर बसवतात. सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी थराची नोंद मागे राहते, विंडोज तो थर शोधतं, तो सापडत नाही, आणि मग ड्राइव्हच सुरू होत नाही.

या नोंदींची नावं 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स'. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीनच्या सिस्टम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास या वाटेने गेलं की कंसातल्या लांबलचक आकड्या-अक्षरांची यादी दिसते. आपल्याला हवी ती नोंद ४डी३६ई९६५ ने सुरू होते. डावीकडे तिच्यावर टिचकी मारली की उजवीकडे 'सीडी-रॉम' असं नाव दिसतं. ते दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण दोन ओळी खाली ४डी३६ई९६७ आहे आणि ती तुमच्या हार्ड डिस्कची आहे. तिथलं अपरफिल्टर्स विंडोजला स्वतःला सुरू व्हायला लागतं. ते पुसलं तर लॅपटॉप निळ्या पडद्यावर थांबतो. मी असे दोन लॅपटॉप सोडवलेत. पाच आणि सात एवढाच फरक, पण लॅपटॉप सुरू करून देण्यात अख्खा दिवस गेला.

पुसण्याआधी ती नोंद उजव्या टिचकीने 'एक्स्पोर्ट' करून ठेवा. मग तिच्यातली फक्त अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स ही दोन नावं पुसा. दोन्ही असतीलच असं नाही. रीस्टार्ट करा. डिस्क लिहिणारं एखादं सॉफ्टवेअर यानंतर तक्रार करू लागलं तर ते पुन्हा टाका. रजिस्ट्री कधी उघडली नसेल तर हा भाग जाणकाराकडून करून घ्या, पंधरा मिनिटांचं काम आहे.

दोष विंडोजचाच का, याची खात्री करायची असेल तर उबुंटूसारखं लिनक्स पेन ड्राइव्हवर टाकून, काहीही इन्स्टॉल न करता, तसंच चालवून बघा. तिथे ड्राइव्ह दिसला आणि सीडी उघडली तर ड्राइव्ह निर्दोष आहे, वाद संपला.

६. बायोसमध्येही नाही: ड्राइव्ह काढून पुन्हा बसवा

माझ्याकडे सगळ्यात जास्त लॅपटॉप इथे बरे होतात. लॅपटॉपमधला ड्राइव्ह बहुतेक वेळा एकाच स्क्रूवर तोललेला असतो. लॅपटॉप उलटा केला की तळाशी एका स्क्रूजवळ डिस्कचं छोटं चिन्ह कोरलेलं दिसतं. तो स्क्रू सैल झाला की स्कूटरच्या डिकीतले धक्के, पाठीवरची बॅग, रोजचं उचल-ठेव, यात ड्राइव्ह हळूहळू बाहेर सरकतो. एका वकीलसाहेबांच्या लॅपटॉपच्या कडेवरून मी बोट फिरवलं तर ड्राइव्हची पट्टी नखभर बाहेर लागली. डोळ्याला कळतही नव्हतं. आत मात्र संपर्क अर्धवट सुटलेले होते. त्यांनी आधीच नवा ड्राइव्ह मागवला होता, तो परत पाठवला.

काम असं करा. लॅपटॉप बंद करा, चार्जर आणि बाहेरून निघणारी बॅटरी काढा. हात एखाद्या धातूच्या वस्तूला लावून अंगातली स्थिर वीज घालवा. डिस्कच्या चिन्हाजवळचा स्क्रू पूर्ण काढा आणि वाटीत ठेवा. ड्राइव्हची पुढची कड नखाने धरून किंवा स्क्रूच्या जागेतून हळूच ढकलून सरळ बाहेर ओढा. जोर लागत असेल तर थांबा. काही मॉडेलमध्ये आणखी एखादा स्क्रू झाकणाखाली असतो.

ड्राइव्हच्या मागच्या बाजूला दोन पट्ट्या दिसतील. लांब पट्टीत ७ संपर्क, त्या डेटाच्या. छोटीत ६, त्या विजेच्या, आणि ती वीज फक्त ५ व्होल्टची. या सहातला एक संपर्क 'मी बसलोय' एवढंच सांगण्यासाठी असतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्या एकाच संपर्कावरून ड्राइव्हला वीज द्यायची की नाही ते ठरतं. त्यावर धूळ किंवा काट असेल तर बाकी सगळं चकचकीत असूनही ड्राइव्ह मेल्यासारखा पडून राहतो.

मोबाईलची टॉर्च लावून बघा. सोनेरी रंग सारखा दिसला पाहिजे. आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि किनारपट्टीला, बंद बॅगेत दोन-तीन महिने ठेवलेल्या लॅपटॉपच्या संपर्कांवर मंद, काळपट थर चढतो. कधी हिरवट ठिपके असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून, काडी पिळून, एकाच दिशेने पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. तोंडाने फुंकू नका, फुंकरीत ओलावा असतो. खोडरबर घासू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. लॅपटॉपच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये काडी खुपसू नका, तिथल्या पिना वाकतात.

ड्राइव्ह सरळ आत सरकवा, शेवटी 'टक' असं बसल्याचं जाणवेल. स्क्रू लावा. तो हरवला असेल तर जुन्या लॅपटॉपचा मापाचा बसवून घ्या, मोठा लांब स्क्रू कोंबू नका, तो मदरबोर्डाला टेकू शकतो. आता पुन्हा बायोसमध्ये बघा. दिसला तर दोन-तीन दिवस रोज बघत राहा. टिकला तर काम झालं.

कॅडी बसवली असेल तर

लॅपटॉप वेगवान करायला एसएसडी टाकतात आणि जुनी हार्ड डिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत बसवतात. उपाय चांगला आहे, मीही करून देतो. पण कॅडी ड्राइव्ह नसते, ती नुसती चौकट असते. काही लॅपटॉपचा बायोस त्या जागी डीव्हीडीच शोधत राहतो आणि सुरू होताना ओरडतो. काही कॅडींवर टाचणीच्या टोकाएवढी एक कळ असते, वेगवेगळ्या लॅपटॉपसाठी तिची जागा बदलावी लागते. कॅडीच्या जाडीचंही बघा, ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन येतात. १२.७च्या जागेत ९.५ची सैल बसते आणि संपर्क सुटतो. आणि ज्या डिस्कवर विंडोज आहे ती मुख्य जागेतच ठेवा. डीव्हीडीच्या पोर्टवरून सगळेच लॅपटॉप बूट होत नाहीत, आणि काहींत त्या पोर्टचा वेगही कमी असतो.

७. दुसरा ड्राइव्ह लावून बघा

इथवर येऊनही बायोसमध्ये काही नसेल तर अदलाबदल करूनच कळतं. ओळखीच्या कुणाचा चालू ड्राइव्ह घ्या, जाडी आणि कनेक्टर जुळतो ना ते बघा. फार जुन्या, आयडीई पद्धतीच्या ड्राइव्हला मागे ५० पिनांचा कनेक्टर असतो, तो साटाच्या जागेत बसत नाही. चालू ड्राइव्ह दिसला तर तुमचा मेला. चालू ड्राइव्हही दिसला नाही तर लॅपटॉपच्या बाजूचा कनेक्टर, त्याची चपटी केबल किंवा मदरबोर्ड.

तुमचा ड्राइव्ह यूएसबी एन्क्लोजरमध्ये (यूएसबीने जोडायच्या बाहेरच्या डबीत) घालून दुसऱ्या संगणकाला जोडला तरी हेच कळतं. तेव्हा हबमधून न जोडता थेट पोर्टला जोडा. यूएसबी २.०चा पोर्ट ५०० मिलिअँपियरचा आणि ३.०चा ९०० मिलिअँपियरचा हिशेब धरून असतो, आणि डिस्क फिरायला लागताना ड्राइव्ह त्याहून जास्त ओढू शकतो. वीज कमी पडली तर धड ड्राइव्हही दिसत-लपत राहतो आणि तुम्ही चांगली वस्तू भंगारात टाकता.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

हार्ड डिस्कही बायोसमध्ये दिसत नसेल. लॅपटॉपवर चहा-पाणी सांडलं असेल, मग ते महिन्यापूर्वी का असेना. जळका वास आला, ड्राइव्हची जागा हाताला गरम लागली, किंवा टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, म्हणजे बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. कनेक्टरची पिन वाकली असेल. ड्राइव्ह काढायला अख्खा लॅपटॉप उघडावा लागत असेल. या कुठल्याही अवस्थेत पुढे जाऊ नका. मदरबोर्डावरचा कनेक्टर बदलायला हॉट एअर आणि सूक्ष्मदर्शक लागतो, घरच्या सोल्डरिंग गनने बोर्ड जातो.

ड्राइव्हमध्ये अडकलेली डिस्क एकमेव प्रत असेल, पुराव्याची मूळ सीडी किंवा एखाद्याचा स्कॅन, तर कागदाच्या क्लिपचा उपायही एकदाच करा. नाही निघाली तर ड्राइव्हसकट आणून द्या. ड्राइव्ह उघडून डिस्क सुखरूप काढता येते. ओढून काढलेली डिस्क ट्रेच्या कडेने कापली जाते, आणि मग तिच्यावरचं परत मिळत नाही.

मदरबोर्डाचं काम निघालं आणि लॅपटॉप जुना असेल तर मी त्यावर खर्च करू नका असंच सांगतो. बायोसमध्ये डीव्हीडीचा पोर्ट बंद करून घ्या, म्हणजे सुरू होताना अडकणं थांबेल, आणि बाहेरून जोडायचा यूएसबी डीव्हीडी रायटर घ्या. त्यावरून बूटही होतं.

दुकानात गेलात तर बायोसच्या यादीचा फोटो दाखवा आणि ट्रे उघडतो की नाही ते सांगा. ड्राइव्ह बदलायचा असं म्हणाले तर दुसरा ड्राइव्ह लावून बायोसमध्ये नाव आलेलं तुमच्यासमोर दाखवायला सांगा, मगच पैसे द्या, आणि जुना ड्राइव्ह मागून घ्या.